साक्षगंधाआधी सांगावं की नाही?

पत्र थोडक्यात: वाचक 27 वर्षांची. माहेर पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, नोकरी पुण्यात. मोठ्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रिपोर्ट एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार. त्याचं हातपाय दुखणं, वरचेवर भरती होणं, रक्त चढवणं हे सगळं घराने लहानपणापासून पाहिलेलं. कॉलेजातल्या शिबिरात हिचा रिपोर्ट एएस आला, म्हणजे ही नुसती वाहक. आजी आजही म्हणते, "तुह्या मायच्या घरचं रगतच खराब." आईने ते आयुष्यभर मान खाली घालून ऐकलं. वडिलांनी स्वतःची तपासणी कधी केली नाही. आता तिच्याच जिल्ह्यातल्या, पुण्यातच नोकरी करणाऱ्या एका मुलाशी बोलणी चालली आहेत, दोघांची पसंती झाली आहे, साक्षगंधाची तारीख धरायची आहे. आई म्हणते, भावाचं आणि तुझं काही सांगू नको, आधी दोन ठिकाणी याच्यापायीच मोडलं. वाचक विचारते: सांगू का? सांगितलं आणि त्याचाही रिपोर्ट एएस निघाला तर? दादासारखं मूल होण्यापेक्षा लग्नच न केलेलं बरं नाही का? आणि पुढेमागे हा आजार मलाही होईल का?

प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्या भीतीखाली दबलेले दिसतात. नाही, तुला पुढेमागे सिकलसेलचा आजार होणार नाही. एएस म्हणजे आजाराची सुरुवात नव्हे. तू जन्मलीस तेव्हा एएस होतीस आणि सत्तरीतही एएसच असशील.

असं का, ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा बीटा नावाचा भाग कसा बनवायचा, याची माहिती 11 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या जनुकात एका ठरावीक जागी ‘ए’ या रासायनिक अक्षराऐवजी ‘टी’ आलं, की 146 अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. सगळा बदल एवढाच. पण असं हिमोग्लोबिन शरीराला ऑक्सिजन देऊन मोकळं झालं की एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब दांडे तयार होतात आणि गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि दादाचे हातपाय ज्या कळेने फुटायला येतात ती कळ तिथून उठते. नेहमीची लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते. त्याचं कायम कमी असलेलं हिमोग्लोबिन आणि डोळ्यांतला पिवळेपणा त्यामुळेच.

दादाजवळच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत. तुझी एकच. तुझा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट असेल तर काढून बघ: नेहमीचं हिमोग्लोबिन ‘ए’ जास्त, सिकलचं ‘एस’ त्याहून कमी, बहुतेक 40 टक्क्यांच्या आत. प्रत्येक लाल पेशीत चांगलं हिमोग्लोबिन अर्ध्याहून अधिक असल्यामुळे त्या पेशी रोजच्या जगण्यात वाकत नाहीत. पथ्य म्हणशील तर थोडंच. सह्याद्रीत ट्रेकला जाशील तेव्हा पाणी भरपूर पीत जा, उन्हात तहानलेल्या अंगाने जिवावर उदार होऊन धावू नकोस, खूप उंचावर जायचं असेल किंवा ऑपरेशन व्हायचं असेल तर डॉक्टरांना एएस असल्याचं आधी सांग, आणि लघवीतून कधी रक्त गेलं तर अंगावर काढू नकोस. बाकी तू निरोगी आहेस.

आता आजीचं वाक्य. या वाक्याने तुझ्या आईचं आयुष्य पोखरलं आहे, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे.

दादाला दोन बदललेल्या प्रती मिळाल्या. एक आईने दिली. दुसरी कुणी दिली? ती वडिलांकडूनच यावी लागते. (क्वचित असं होतं की एका पालकाकडून सिकलचं जनुक येतं आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, आणि साध्या चाचणीत ते एसएससारखंच दिसतं. तरीही वाटा दोघांचाच.) हा आजार एकट्या आईच्या बाजूने येऊच शकत नाही. लोकांची गल्लत होते ती हिमोफिलियाशी, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराशी. तिथे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून आईकडून मुलाकडे आजार आला असं म्हणायला जागा असते. सिकलचं जनुक 11 व्या गुणसूत्रावर आहे आणि तिथे आई-वडिलांचा हिस्सा सारखा. म्हणजे तुझ्या आजीचा मुलगाही वाहक आहे, आणि त्याला ते आजीकडून नाहीतर आजोबांकडून आलेलं आहे. ज्या रगताला ती नावं ठेवत आली, ते तिच्या स्वतःच्या घरातही आहे.

हे तू आजीच्या तोंडावर फेकावंस असं मी म्हणत नाही. तुला तो मोह होईल, आणि तो मला कळतो. पण एका म्हातारीला हरवून आईला फार काही मिळणार नाही. आईला हे वेगळं बसवून सांग, शक्य असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाच्या तोंडून तिला ऐकव. आमच्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना हे पहिल्यांदा तिथे कळतं. मुलाच्या आजाराचा दोष वर्षानुवर्षं एकटीने वाहिलेला असतो, आणि शेजारच्या खुर्चीवर नवरा गप्प बसलेला असतो. त्यातला एखादा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा म्हणतो, "म्हणजे माझ्याकडूनही आलं?" तुझ्या बाबांनी तपासणी टाळली त्यामागे भीती असेल, बेफिकिरी असेल. पण ते जितकी वर्षं गप्प राहिले, तितकी वर्षं दोष आईच्या पदरात पडत राहिला. हे त्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

आणि ‘खराब रक्त’ म्हणायचं तर या जनुकाचा इतिहासही माहीत असू दे. 1954 मध्ये अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलची एक प्रत असलेल्यांना फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळतं. मलेरियाने लहान मुलं पटापट दगावायची त्या काळात तुझ्यासारखी एएस मुलं जास्त संख्येने वाचली, मोठी झाली, त्यांनाही मुलं झाली. म्हणून जिथे मलेरियाचा जोर, तिथे हे जनुक टिकून राहिलं, मग ती आफ्रिका असो, अरबस्तान असो की मध्य भारत. नागपूरहून डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलची नोंद केली. गडचिरोलीत मलेरिया आजही आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, कुणबी आणि तेली समाजांतही आहे. हा ‘त्यांचा’ आजार, असं एकमेकांकडे बोट दाखवत आपण फार वर्षं घालवली, आणि त्या नादात तपासण्या राहून गेल्या.

तुझा मुख्य प्रश्न: सांगू का?

सांग. साक्षगंधाआधी सांग, आणि त्या मुलालाच सांग.

आईची भीती खोटी नाही. दोन ठिकाणी मोडलं, ते तिने भोगलं आहे. पण तिच्या मनातलं गणित असं दिसतं की तुझं एएस असणं हेच संकट आहे आणि ते झाकलं की संकट टळतं. तसं होत नाही. तुझं एएस असणं एकट्याने कुणाचंच काही बिघडवत नाही. प्रश्न दोघांच्या रिपोर्टचा आहे, आणि त्याचा रिपोर्ट तुम्हाला कुणालाच माहीत नाही. तो तुझ्याच पट्ट्यातला आहे, कदाचित तुझ्याच समाजातला. तोही वाहक असण्याची शक्यता पुण्यातल्या कुणा अनोळखी मुलापेक्षा जास्त आहे, आणि त्याच्या घरीही त्याची आई हेच सांगत असेल: बोलू नको. झाकून लग्न झालं, तर दोघांचा रिपोर्ट पहिल्यांदा समोर येईल तो बाळंतपणाच्या वॉर्डात, नाहीतर बाळ सहा-आठ महिन्यांचं होऊन त्याचे हातपाय सुजतील तेव्हा. तोवर निवड करायची वेळ निघून गेलेली असेल, आणि जोडीला ‘तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस’ हे वाक्य आयुष्यभर तुझ्यामागे लागेल. तुझ्या आईने एक वाक्य आयुष्यभर ऐकलं आहे. तुझ्या वाट्याला दुसरं यायला नको.

एक गोष्ट मात्र सांभाळ. तुझं एएस असणं ही तुझी माहिती आहे, ती द्यायला तुला कुणाची परवानगी नको. दादाचा आजार ही दादाची माहिती आहे. मुलाला सांगण्याआधी दादाला विचार. तू पत्रात दादाबद्दल पुष्कळ लिहिलंस, पण दादा काय म्हणतो याची एक ओळ नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी त्याला लपवायचं की नाही हे सगळे ठरवताहेत आणि त्यालाच कुणी विचारलेलं नाही, असं झालं असेल तर ते आधी दुरुस्त कर.

सांगताना फार प्रस्तावना करू नकोस. दोघंच असताना, फोनवर नाही, समोरासमोर: "मी सिकलसेलची वाहक आहे. मला आजार नाही आणि होणारही नाही. पण तूही वाहक असशील तर आपल्या मुलांना होऊ शकतो. म्हणून तारीख धरण्याआधी तू तपासून घे, मग आपण दोघं रिपोर्ट घेऊन बोलू." एवढंच. मोठ्यांची बैठक नंतर. तो मुलगा यावर काय करतो त्यावरून तुला त्याच्याबद्दल खूप काही कळेल. तपासायला तयार झाला, चार प्रश्न विचारले, घाबरला तरी पळाला नाही, तर चांगलं. ऐकूनच मागे सरला तर दुःख होईल, पण ते साक्षगंधानंतरच्या दुःखापेक्षा कमीच असेल.

त्याने कोणती चाचणी करायची हे नीट लक्षात ठेव, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. शिबिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते ती बहुधा सोल्युबिलिटी चाचणी. एका छोट्या नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. चाळणी म्हणून ही चाचणी उत्तम आहे, स्वस्त आहे, गावात होते. पण पॉझिटिव्ह माणूस एएस आहे की एसएस, हे तिला सांगता येत नाही. आणि तुझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला थॅलेसेमिया दिसतच नाही. समज, त्या मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि तो प्रत्यक्षात बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तर तुझं सिकलचं जनुक आणि त्याचं थॅलेसेमियाचं जनुक एका बाळात एकत्र येऊ शकतं. ते बाळ सिकल-बीटा थॅलेसेमियाचं, आणि त्यातले काही प्रकार एसएसइतकेच त्रासाचे. म्हणून त्याने एचपीएलसीच करायला हवी. त्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ‘एस’ आहे का हे बघायचं, आणि ‘ए-टू’ या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या प्रकाराचा आकडाही बघायचा. तो 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्यायची. पुण्यात खाजगी प्रयोगशाळांत ही चाचणी सर्रास होते. गावाकडे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करायची. जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यात बाधित, मुख्यतः आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे.

आता त्याचा रिपोर्ट. तो एए असेल, म्हणजे सिकलची एकही प्रत नसेल, आणि ए-टूही नेहमीचं असेल, तर तुमच्या कोणत्याही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही. प्रत्येक मूल तुझ्यासारखं वाहक असण्याची शक्यता निम्मी, तेवढंच. आनंदाने तारीख धरा.

आणि एएस निघाला तर? प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची 25 टक्के. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. चार मुलांतलं एक आजारी, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, मागच्या वेळी काय निघालं याचा पुढच्या वेळेशी संबंध नसतो. पहिलं आजारी झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली, असं समजून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

‘एएसने एएसशी लग्न करू नये’ असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. अजून कुणात मन गुंतलेलं नाही, स्थळं बघायला सुरुवात व्हायची आहे, अशांना तो सल्ला मीही देते, कारण तो सोपा आहे आणि उपयोगी आहे. पण कायदा असं लग्न अडवत नाही, आणि ज्यांनी एकमेकांना आधीच निवडलं आहे त्यांच्यावर तो हुकूम म्हणून लादणं मला पटत नाही. तुमच्यापुढे वाटा आहेत. समजून-उमजून वेगळं होणं ही एक. लग्न करून मूल दत्तक घेणं ही दुसरी. तिसरी म्हणजे दिवस राहिल्यावर 11-12 व्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा घेऊन बाळाचं जनुक तपासणं. यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, पण अनुभवी हातात तो शंभरात एकाहून कमी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही संस्था असं निदान करते, आणि चंद्रपूरलाही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र आहे. गर्भलिंग तपासायला कायद्याने बंदी आहे, हिमोग्लोबिनचे आजार तपासायला नाही, हे घाबरलेल्या नातेवाइकांना सांग. चौथी वाट टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करून, रोपणाआधी तपासून घेण्याची. ती महाग आहे, आणि दर वेळी यश येईलच असं नाही. पाचवी म्हणजे काहीही न तपासता येईल ते बाळ स्वीकारायचं, पण जन्मताच त्याची चाचणी करून घ्यायची आणि दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन, वेळेवर लसी आणि सांगितल्याप्रमाणे औषध चुकवायचं नाही. ही वाट निवडणाऱ्यांना मी कमी लेखत नाही.

या वाटांमधली तिसरी वाचताना तुझ्या मनात काय आलं असेल याची मला कल्पना आहे. तू लिहिलंस, "दादासारखं मूल होण्यापेक्षा लग्नच नको," आणि पुढच्याच ओळीत, "हे लिहिताना दादाला मी नकोसा म्हटल्यासारखं वाटलं." हा पेच मला तुझ्या सगळ्या पत्रात सर्वांत खरा वाटला, आणि त्यावर झटपट उतारा माझ्याकडे नाही. एवढं मात्र मनापासून सांगते: पुढच्या बाळाला ती कळ सोसावी लागू नये असं वाटणं म्हणजे दादा जन्मायला नको होता असं म्हणणं नव्हे. तू दादावर प्रेम करतेस म्हणूनच त्या कळेला एवढी भितेस. आणि तपासणीनंतर काय करायचं ते आधीपासून कुणी ठरवून देऊ शकत नाही. रिपोर्ट एसएस आल्यावर गर्भपात केलेली जोडपी आहेत, बाळ ठेवलेली आहेत. गर्भपाताची मुदत कायद्याने सर्वसाधारणपणे 20 आठवडे, काही परिस्थितींत 24 आहे, तेव्हा अकराव्या आठवड्यात तपासलं तर विचाराला वेळ मिळतो. त्यात सासू, आई, आजी यांचं मत ऐका, निर्णय तुम्ही दोघांनी घ्या.

आणखी एक समज तपासून बघ. एसएस म्हणजे हुबेहूब दादा, असं तू धरून चालली आहेस. तोच बदल, तीच दोन जनुकं, पण एकाला वर्षातून चारदा भरती व्हावं लागतं आणि दुसरा शेतात काम करतो. याचं एक मोठं कारण गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एफ’. ते जन्मानंतर कमी होत जातं, पण काहींमध्ये बऱ्यापैकी शिल्लक राहतं, आणि जितकं जास्त तितकं एसचे दांडे जमणं अवघड. भारतात आढळणाऱ्या सिकलच्या प्रकारात ते अनेकदा जास्त असतं, तरी विदर्भात तीव्र त्रासाचे रुग्ण पुष्कळ आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच ‘एफ’ वाढवतं. दादा ते नियमित घेतो का, हे तू लिहिलं नाहीस; घेत नसेल तर रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना भेटून विचारा. नातेवाइकांनी जनुक बदलण्याच्या उपचाराची बातमी पाठवल्याचं तू लिहिलंस, ती बातमी खरी आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली. त्यातही युक्ती तीच, ‘एफ’ पुन्हा चालू करायचं. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली होती, आणि आधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते. त्या भरवशावर आजचे निर्णय घेऊ नकोस, पण आज जन्मणाऱ्या एसएस बाळाचं आयुष्य दादाच्या बालपणाची नक्कल असेल असंही समजू नकोस. दादासाठी एक कामाची गोष्ट: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. त्याने प्रमाणपत्र काढलं नसेल तर अर्ज करायला लाव.

शेवटी, तुझ्या पत्रात ओझरतं आलेलं एक वाक्य. काकांच्या मुलीसाठीही यंदा स्थळं बघताहेत, आणि ‘त्यांच्याकडे हा प्रश्न नाही’ असं घरात धरलेलं आहे, कारण प्रश्न तुझ्या आईच्या माहेरचा मानला गेला. पण तुझे बाबा वाहक आहेत, म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी, आणि त्याच्या मुलीची निदान चौथाई. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिच्याशी तुझं बोलणं असेल तर हे पत्र आणि उत्तर दोन्ही तिला वाचायला दे, आणि स्थळ पक्कं होण्याआधी तिलाही एचपीएलसी करून घ्यायला सांग.